एकाच खळ्यातले तीन धंदे

पत्र थोडक्यात

तळकोकणातल्या एका मैत्रिणीचं हे पत्र आहे. तिच्या सासरी पूर्वापार रातांब्याची, म्हणजे कोकमाची झाडं आहेत. आठ वर्षांपूर्वी तिने आणि तिच्या नवऱ्याने घरापुरती होणारी सोलं (कोकमाच्या वाळवलेल्या साली), आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि कोकम सरबत विकायला सुरुवात केली. धाकटा दीर डोंबिवलीला नोकरी करतो आणि मुंबई-ठाण्याची गिऱ्हाइकं सांभाळतो. २०१९ मध्ये शेड आणि पॅकिंगच्या मशीनसाठी त्याने तीन लाख रुपये घातले. हंगामात वाडीतल्या दहा-बारा बायका कामाला येतात आणि वर्षाला साधारण बाराशे किलो सोलं होतात.

२०२५ च्या मे महिन्यात पाऊस लवकर आला आणि शेवटची तोड झाडाखालीच कुजली. दिराने ठाण्याच्या एका दुकानदाराला आठशे किलोचा शब्द आधीच दिला होता. तो पाळण्यासाठी त्याने एका व्यापाऱ्याकडून पाचशे किलो तयार सोलं उचलली आणि घरच्या पाकिटांत भरायला लावली. नवऱ्याला कळलं तेव्हा माल निघून गेला होता. पाकिटं भरताना कामाच्या एक मावशी म्हणाल्या होत्या, "वयनी, ही आपली सोलां नाय." तेव्हापासून दोघे भाऊ धंद्याचं जे काही बोलतात ते या मैत्रिणीच्या फोनवरून.

दिराला आता कर्ज काढून ड्रायर बसवायचा आहे आणि पंधरा-वीस उत्पादनं काढायची आहेत. नवरा म्हणतो, आपल्या झाडांवर येईल तेवढंच करायचं. दोन वर्षांपूर्वी एका उद्योजकता प्रशिक्षणात सांगितलं म्हणून या मैत्रिणीने 'व्हिजन' लिहिलं होतं: '२०३० पर्यंत एक कोटी उलाढाल'. दिराने त्याचा फ्लेक्सही छापून आणला. तो फ्लेक्स सध्या पडवीतल्या लाकडांवर पांघरलेला आहे. तिचा प्रश्न असा आहे: "दोघांत बरोबर कोण? आणि मी कुणाच्या बाजूने उभी राहू?"

उत्तर

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा दिराचा राग आला, दुसऱ्यांदा नवऱ्याचा. तिसऱ्या वेळी वाटलं की दोघंही मनापासून बोलताहेत आणि दोघांनाही धंदा टिकायला हवा आहे. अडचण एवढीच की दोघं ज्याला 'आपला धंदा' म्हणतात तो एक धंदा नाही.

तुमच्या नवऱ्याच्या डोळ्यांसमोर खळं आहे. रातांबे फोडून बिया काढायच्या, मीठ घातलेल्या रसात साली बुडवायच्या, उन्हात घालायच्या, पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. असं चार-पाच पुटं चढेपर्यंत चाललेलं काम. साल हातात घेऊन रंग पाहणं, बोटाने दाबून पाहणं. त्यांच्या लेखी धंदा म्हणजे हे काम नीट होणं. दिराच्या डोळ्यांसमोर ठाण्यातल्या दुकानाचं फडताळ आहे. तिथे एक महिना तुमचं पाकीट दिसलं नाही तर दुसऱ्याचं येऊन बसतं आणि मग उठत नाही. त्यांच्या लेखी धंदा म्हणजे दिलेला शब्द पाळणं. एकजण मालाला जपतोय, दुसरा शब्दाला. दोन्ही गोष्टी धंद्यात लागतात, म्हणून तर हे भांडण मिटत नाही.

पाचशे किलो सोलं बाहेरून घेणं चूक होतं की नव्हतं, हे आधी ठरलेल्या कशाशी तरी ताडून पाहावं लागतं. तुमच्याकडे ताडायलाच काही नव्हतं. हंगाम बुडाला तर काय करायचं, हे आठ वर्षांत कुणी बोललंच नाही. त्यामुळे त्या दिवशी प्रत्येकाने स्वतःच्या मनातल्या धंद्याला साजेसा निर्णय घेतला.

एक मात्र स्पष्ट सांगते, म्हणजे मी मधलं बोलते आहे असं वाटायला नको. बाहेरची सोलं आपल्या नावाच्या पाकिटात, गिऱ्हाइकाला न सांगता भरणं गैर होतं. खाण्याच्या पाकिटावर माल कुणी तयार केला आणि कुणी भरला हे खरं लिहावं लागतं, तो कायदाही आहे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे. उद्या तुम्हाला ते चिन्ह पाकिटावर लावायचं झालं, तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागेल आणि माल कुठला आहे हे दाखवता यावं लागेल. त्या व्यापाऱ्याची सोलं कुठल्या गावची होती, हे आज तुमच्यापैकी कुणाला सांगता येईल का? कायदा बाजूला ठेवा. मावशींनी सोलं हातात घेताच ओळखली. ठाण्यातल्या कुणा बाईने कढी करताना ओळखली नसतील असं का धरायचं? पण दिराला हे सांगताना त्यांच्यावर हेत्वारोप करू नका. ते फसवायला निघाले नव्हते. दिलेला शब्द मोडायची त्यांना लाज वाटली.

आता त्या तीन लाखांकडे येते, कारण पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ तुम्ही कंसात टाकली आहे. "ह्यांचं म्हणणं, भावाने मदत केली. भावजी म्हणतात, मी भांडवल घातलं." ताई, पैसे तेच आहेत, त्यांना नावं मात्र दोन पडली आहेत. मदत असेल तर ती परत करायची किंवा जन्मभर उपकार मानायचे. भांडवल असेल तर घालणाऱ्याचा निर्णयात वाटा आहे. सहा वर्षं दोन भाऊ या दोन समजुती घेऊन एकाच पंक्तीत जेवले आणि कुणाला काही जाणवलं नाही, कारण पाऊस वेळेवर येत होता.

कागदावर काही ठरलं नसताना दोघं मिळून धंदा चालवून नफा वाटून घेत असतील, तर वाद झाल्यावर १९३२ चा भारतीय भागीदारी कायदा मध्ये येऊ शकतो. तो कायदा म्हणतो, वेगळं ठरलं नसेल तर भागीदारांचा नफा-तोटा सारखा. आणि वेगळं ठरलं नसेल तर धंद्यात राबल्याबद्दल कुठल्याही भागीदाराला पगार मागता येत नाही. म्हणजे जो वर्षभर उन्हात उभा आहे तो आणि जो महिन्यातून एकदा येतो तो, दोघे सारखे. तुमच्या नवऱ्याला हे अन्यायाचं वाटेल. उलट अन्नसुरक्षेची नोंदणी, उद्यम नोंदणी, बँकेचं खातं, सगळं नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे दिराला वाटेल की आपण कागदावर कुणीच नाही. आणि तुम्ही? आठ वर्षं रातांबे मोजून घेण्यापासून बायकांचा पगार वाटण्यापर्यंत सगळं तुम्ही करताय, आणि तुमचं नाव कुठल्याच कागदावर नाही.

त्या फ्लेक्सबद्दलही बोलायला हवं. प्रशिक्षणात सांगणाऱ्याचं चुकलं नाही. पुढचं चित्र लिहून काढा, हा सल्ला चांगलाच आहे. पण 'एक कोटी उलाढाल' हे चित्र नव्हे, तो आकडा आहे. त्यात रातांबे कुणाचे, पुटं किती, उन्हात उभं कोण, फायदा किती आणि तो कुणाचा, यातलं काही दिसत नाही. एक कोटीची उलाढाल बाहेरची सोलं पाकिटांत भरूनही होते. मग त्या आकड्याने तुमच्या नवऱ्याला काय सांगितलं असेल? 'तुझं खळं आता पुरेसं नाही' एवढंच. त्यांनी फ्लेक्स लाकडांवर टाकला याचा दिराला राग आला, पण फ्लेक्स छापायच्या आधी त्यांना कुणी विचारलं होतं का? तुम्हीच लिहिलंय की ती ओळ तुम्ही प्रशिक्षणाच्या वर्गात बसून लिहिली, शेजारच्या बाईने पन्नास लाख लिहिले म्हणून.

हे मला इतकं लागलं त्याला कारण आहे. धाकट्या बहिणीबरोबर मी नऊ वर्षं कापडी पिशव्यांचं काम केलं. दोन शिलाई मशीन, समोरची खोली आणि आम्ही दोघी. एका शाळेकडून दोन हजार दप्तरांचं काम आलं आणि मी तिला न विचारता हो म्हणून आले. ती काही बोलली नाही. तीन महिने रात्री अकरापर्यंत शिवत बसली. काम संपल्यावर तिने मशीनवर कव्हर घातलं आणि म्हणाली, "ताई, मी थांबते." मला धंदा वाढवायचा होता. तिला फक्त पोरगा शाळेतून येईल तेव्हा घरी असायचं होतं, त्यासाठी तर तिने नोकरी सोडून हे काम धरलं होतं. नऊ वर्षं आम्ही एका ताटात जेवलो आणि मी तिला एकदाही विचारलं नाही की तुला यातून काय हवंय. बहिणीला काय विचारायचं, असं वाटत राहिलं.

घरच्या धंद्यात हेच होतं. परक्या माणसाबरोबर भागीदारी करताना आपण चार प्रश्न विचारतो, कागद करतो. घरच्या माणसाला विचारणं म्हणजे अविश्वास, असं आपल्याला शिकवलेलं असतं. मग जो गप्प बसला तो कबूल आहे असं आपण धरून चालतो. तुमचा नवरा फ्लेक्स आला त्या दिवशी गप्प बसला होता. ती कबुली नव्हती.

एक जुनी गोष्ट सांगते. ऐकलेली असेल, पण आपण तिचा शेवटच सांगत असतो. तुमच्या कामाचं आहे ते सुरुवातीचं. लिज्जत पापडाचं काम १५ मार्च १९५९ ला गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सुरू झालं. सात बायका आणि उसने घेतलेले ऐंशी रुपये. पहिल्याच वर्षी पाऊस आला आणि पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. त्यांनी बाहेरून पापड आणून आपल्या पुड्यात भरले नाहीत. पुढच्या वर्षी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाटेखाली, आणि पावसाळ्यातही काम चालू. आणखी एक. सुरुवातीला त्या दोन प्रतीचे पापड करत, एक चांगला आणि एक स्वस्तातला हलका. त्यांना मार्गदर्शन करणारे छगनबाप्पा पारेख यांनी सांगितलं की पापड एकाच प्रतीचा करा आणि त्यात तडजोड करू नका. त्यांनी ऐकलं. देणगी घ्यायची नाही, तोटा झाला तरी नाही, हेही त्यांनी अगदी लवकर ठरवलं. काम करणारी प्रत्येकजण मालकीण, नफ्यातही आणि तोट्यातही.

यात उलाढालीचा आकडा कुठे आहे? काय करायचं नाही, कुणाला मालक म्हणायचं आणि पाऊस आला तर काय करायचं, हे मात्र ठरलेलं होतं. काम सात बायकांपासून हजारो बायकांपर्यंत गेलं तेव्हा याच गोष्टी नव्या बाईला सांगता आल्या. तुमच्या खळ्यात उद्या तेरावी बाई कामाला आली तर तिला तुम्ही काय सांगाल?

आता काय करायचं ते सांगते. हे फक्त तुमच्यासाठी नाही. बेकरी, प्रेस, वर्कशॉप, खानावळ, जिथे घरची दोन माणसं मिळून धंदा करतात तिथे कुणालाही हे चालेल.

आधी वेळ निवडा. हंगामात हा विषय काढायचा नाही, तेव्हा सगळे थकलेले असतात. गणपतीतही नको. घर भरलेलं असतं आणि पाहुण्यांसमोर माणसं आपली बाजू लढवतात, मनातलं बोलत नाहीत. भातकापणी उरकून तुळशीचं लग्न झालं की दिराला दोन दिवस बोलवा. एकटं नको, जाऊबाईंनाही. त्यांच्या घरातले तीन लाख गेले आहेत आणि दर सुट्टीत नवरा पाकिटांच्या मागे असतो, त्यांचंही काही म्हणणं असेल. सासूबाईंना तर बसवाच. पुट पुरं झालं की नाही हे आजही त्याच सांगतात, असं तुम्हीच लिहिलंय.

पण बसण्याआधी, निदान आठ दिवस, प्रत्येकाने एकेका कागदावर स्वतःच्या हाताने लिहायचं. एकमेकांना दाखवायचं नाही. सासूबाईंनी सांगायचं आणि नातवाने लिहून घ्यायचं. आधी बोललात तर जो मोठ्याने बोलतो त्याचंच चित्र सगळ्यांचं होतं, म्हणून कागद. लिहायचं काय? पाच वर्षांनंतरच्या मे महिन्यातली एक सकाळ. खळ्यात काय दिसतंय? किती बायका बसल्यात? रातांबे कुठून आलेत? मी कुठे आहे, आणि काय करतोय? हे लिहिताना आकडे आपोआप येतात आणि खरे येतात. दिराने कदाचित लिहिलं की मी नोकरी सोडून गावी आलोय, तर? किंवा नवऱ्याने लिहिलं की मी आता पंचावन्न वर्षांचा आहे, उन्हात उभं राहवत नाही? आज तुम्हाला दोघांचं म्हणणं ठाऊक आहे, पण त्यामागचं ठाऊक नाही.

याच कागदावर आणखी तीन गोष्टी लिहाव्यात. वर्षाला या धंद्यातून माझ्या घरात किती रुपये यायला हवेत, उलाढाल नव्हे, हातात. दुप्पट पैसे मिळाले तरी मी काय करणार नाही. आणि कुठल्या परिस्थितीत हा धंदा थांबवलेला मला चालेल. तिसरा प्रश्न अभद्र वाटतो, शुभ बोल नाऱ्या म्हणून घरात कुणी तो काढत नाही, पण तो लिहून काढला की मनावरचं ओझं उतरतं.

बसाल त्या दिवशी सुरुवात २०२५ च्या हिशेबाने करा. व्यापाऱ्याला किती दिले, दुकानदाराकडून किती आले, कुणाची तक्रार आली का. झालेलं मोकळेपणाने बोलून टाका, चहा घ्या, मग कागद काढा. एकेकाने वाचायचं, मध्ये कुणी बोलायचं नाही. मोठ्या भावाने शेवटी वाचावं, नाहीतर धाकटा आपला कागद बदलून वाचतो.

मग शेवटी जे एकत्र लिहाल ते असं असू द्या की ठाण्याहून फोन आला तर घरातल्या कुणालाही त्यावरून उत्तर देता येईल. 'कोकणातील अग्रगण्य नाव होणे' वगैरे लिहू नका, त्यावरून फोनवर काहीच सांगता येत नाही. नमुन्यादाखल सांगते, तुमचं वेगळं असेल: 'आपल्या आणि शेजारच्या तीन वाड्यांतल्या रातांब्यांचीच सोलं. सगळी पुटं आपल्या खळ्यात. हातात माल तयार असेल तेवढ्याचाच शब्द. हंगाम बुडाला तर गिऱ्हाइकाला त्याच दिवशी फोन.' एवढं लिहिलेलं असतं तर दिराने आठशे किलो कबूल केले नसते. पाच-सहा महिने आधी, झाडाला फळही धरलं नव्हतं तेव्हा दिलेला शब्द होता तो. आणि केले असते, तरी पाऊस लागला त्या दिवशी काय करायचं हे त्यांना माहीत असतं. दुकानदार चिडला असता. पण कोकणात पाऊस २५ मेलाच आला होता, हे मुंबई-ठाण्यात कुणाला ठाऊक नव्हतं? दुसऱ्याच दिवशी त्यांच्याही दारात पाणी होतं.

पुढे कुठे जायचं, याचे मला तीन रस्ते दिसतात. पहिला तुमच्या नवऱ्याचा: आपली झाडं, आपला माल, ठरावीक वजन. हा रस्ता कमीपणाचा नाही. पण मग भाव वाढवायची हिंमत हवी, आणि बाराशे किलोत दोन घरं चालत नाहीत हे दिराला आजच सांगायला हवं. त्यांचे पैसे परत करायची तारीखही. दुसरा: ड्रायर घ्यायचा, पण तयार सोलं विकत घ्यायची नाहीत. शेजारच्या वाड्यांतून ओले रातांबे घ्यायचे आणि पुढचं सगळं आपल्या डोळ्यांदेखत करायचं. खाट आणि स्टोव्हचाच हा मोठा भाऊ आहे. पावसाच्या भीतीने झाडाखाली कुजणारं फळ वाचेल आणि शेजाऱ्यांनाही चार पैसे मिळतील. तिसरा: दिराने वेगळ्या नावाने व्यापार करावा. काजू, कुळथाचं पीठ, फणसपोळी, दुसऱ्यांचा माल दुसऱ्यांचा म्हणूनच विकावा, आणि तुमची सोलं त्यांच्याकडे इतरांसारखीच रोख भावाने जावीत. दुकानाचं फडताळ सांभाळायची त्यांची हातोटी खरी आहे. तिला खळ्यात वाव नाही, म्हणून ती खळ्यावर दाब देते.

मला विचाराल तर दुसरा आणि तिसरा मिळून तुमच्या घराला बसेल असं वाटतं. पण कागद वाचल्याशिवाय माझं ऐकू नका. चौथा रस्ता, म्हणजे एकाच नावाखाली थोडा आपला आणि थोडा बाहेरचा माल, तेवढा मात्र धरू नका.

ड्रायरच्या कर्जाबद्दल थोडं. दिराने प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेचं नाव काढलंय. त्या योजनेत प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाख, अनुदान आहे आणि ते बँकेच्या कर्जाशी जोडलेलं आहे. म्हणजे उरलेले ६५ टक्के तुमच्या खिशातून आणि कर्जातून. योजना सध्या चालू आहे का, हे कृषी अधीक्षकांच्या कार्यालयात आधी विचारा. आणि अनुदान मिळतंय म्हणून यंत्र घेऊ नका. ड्रायर दोन महिने चालणार असेल तर उरलेले दहा महिने त्यात काय वाळवायचं, याचं उत्तर कागदावर आलं की मगच बँकेत जा. हप्ता बाराही महिने येतो.

जे ठरेल ते गावातल्या वकिलाकडून किंवा सीएकडून रीतसर भागीदारीच्या करारात उतरवा. तीन लाख काय आहेत, कोण किती वेळ देणार, कुणाला पगार, नफा कसा वाटायचा, कुणाला बाहेर पडायचं झालं तर हिशेब कसा करायचा. त्यात तुमचं नाव भागीदार म्हणून हवं. हे मी तुमच्यावरच्या मायेने सांगत नाही. करार तुमच्या नावाशिवाय झाला, तर जी व्यक्ती रोज खळ्यात निर्णय घेते तीच निर्णयाच्या कागदावर नसेल.

बसून, वाचून, बोलूनही जमलं नाही, तर? तसंही होऊ शकतं. दोन भावांचे कागद इतके वेगळे निघतील की एक धंदा दोघांना पुरणार नाही. तसं झालं तर पैसे आणि नावं नीट वेगळी करा, घाईने नको, एक हंगाम जाऊ द्या. धंदा वेगळा झाला म्हणजे घर फुटलं असं नव्हे. बहिणीने मशीनवर कव्हर घातलं त्यानंतर आम्ही दोघी पहिल्यांदा दुपारी नुसत्या गप्पा मारत बसलो.

मावशींना विसरू नका. जे ठरेल ते खळ्यात बसणाऱ्या बायकांना सांगा, हंगामाच्या पहिल्या दिवशी, रातांब्यांच्या ढिगाजवळ बसून. हलका माल पाकिटात जाताना पहिल्यांदा त्यांच्याच हाताला कळतो. त्या दिवशी मावशी बोलल्या आणि तुम्ही ऐकून घेतलंत, पण पाकिटं भरत राहिलात, कारण थांबवायचा अधिकार आपला आहे असं तुम्हाला वाटलं नाही. हे तुम्ही लिहिलेलं नाही. पण तुम्ही तिथे होतात.

आणि म्हणून तुमचा दुसरा प्रश्न, कुणाच्या बाजूने उभं राहू. चार पानांच्या पत्रात नवऱ्याला काय हवंय ते आहे, दिराला काय हवंय ते आहे, सासरे असते तर काय म्हणाले असते तेही आहे. तुम्हाला काय हवंय ते शोधत मी शेवटच्या पानावर आले, तर सहीच्या खाली, वेगळ्या शाईत एक ओळ: "खरं तर मला बियांच्या तेलाचं काहीतरी करायचं होतं, आईकडे टाचांच्या भेगांना मुठेल लावायचे, पण ते राहू दे."

वाळवलेल्या बिया दरवर्षी मिळेल त्या भावाला व्यापारी उचलून नेतो, हे तुम्हीच दुसऱ्या पानावर लिहिलंय. आईकडे ते तेल कसं काढायचे, बिया कांडून पाण्यात उकळून वरचं तेल धरायचे का, किती बियांचं किती निघायचं, घट्ट झाल्यावर मुठीत दाबून गोळे कोण करायचं, हे आठवत असेल तर आत्ताच लिहून ठेवा. आई असतील तर त्यांना फोन करा. बाकीच्यांना कागद वाटायच्या आधी तुमचा कागद लिहून व्हायला हवा, आणि त्यात ती ओळ सहीच्या खाली नको, सगळ्यात वर हवी.